फेकून दिलेली चांदुकली

सराफकट्ट्यापाशी गटारातला गाळ उपसणारे झारेकरी पाहिलेत का कधी, दोस्तांनो? घमेल्यात गाळ घ्यायचा, पाणी ओतायचं आणि गोल गोल हलवायचं. हलकी माती वाहून जाते, जड सोन्याचा कण तळाशी बसतो.

दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियातल्या चोको भागात, स्पॅनिश अमलात नदीची वाळू अशीच धुतली जायची. धुणारे होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. पण तिथे एक घोटाळा व्हायचा. सोन्याबरोबर काही पांढुरके कणही तळाशी उरायचे. कितीही धुवा, जायचं नाव नाही! जातील कसे? तेही जवळपास सोन्याइतकेच जड. भट्टीत घातले तरी ढिम्म! सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, या पठ्ठ्यांना १७६८ च्या आसपास लागतात. मग एकेक कण हातानं वेचा, नाहीतर पारा घाला. पारा सोन्याला धरतो, यांना सोडून देतो.

स्पॅनिश भाषेत 'प्लाटा' म्हणजे चांदी. या नकोशा कणांना त्यांनी नाव दिलं 'प्लाटिना', म्हणजे चांदुकली म्हणा ना! सोन्यात कुणी भेसळ करील या भीतीनं ती नदीत फेकून द्यायचा हुकूमसुद्धा सुटला होता. तेच आपलं प्लॅटिनम. अंतोनियो दे उल्लोआ या स्पॅनिश आरमारी अधिकाऱ्याच्या १७४८ च्या पुस्तकातून युरोपातल्या शास्त्रज्ञांना त्याची खबर लागली.

पण हे नदीत आलं कुठून? पृथ्वी वितळलेली होती तेव्हा बहुतेक प्लॅटिनम लोखंडाबरोबर तिच्या पोटात खोल बुडालं. वर राहिलं ते चिमूटभर. खालून शिलारस वर येतो आणि जमिनीखालीच सावकाश थिजतो, तेव्हा काही ठिकाणी त्यात लोखंडमिश्रित प्लॅटिनमचे कण बनतात. चोकोत तसंच झालं. ऊन-पावसानं खडक झिजला, पण प्लॅटिनमला ना गंज चढतो, ना ते पाण्यात विरघळतं. कण जसेच्या तसे नदीत आले.

दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डची तऱ्हा वेगळी. तिथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी शिलारसात धातू आणि गंधक यांचे थेंब सुटले, रश्श्यात तेलाचे सुटतात ना, तसे. फक्त हे तरंगले नाहीत, बुडाले. आणि बुडताना प्लॅटिनम ओढून घेऊन गेले. त्यांचा पातळ थर १९२४ साली हान्स मेरेन्स्की यांनी शोधला. आज जगातलं बहुतांश प्लॅटिनम याच भागातून येतं. तरी एक टन दगड फोडावा, तेव्हा प्लॅटिनम आणि त्याची भावंडं मिळून जेमतेम चार-सहा ग्रॅम हाती लागतात!

आणि चोको? तिथे त्या गुलामांचे वंशज अजूनही नदीची वाळू धुतात. सोनं विकतात, आणि चांदुकलीसुद्धा. आता ती कुणी फेकत नाही.