नान्नजच्या माळावरची झाडे का काढली?

'झाडे लावा' असे आपण प्रभातफेरीत ओरडतो. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला लावलेली झाडेच काढावी लागली! ऐकून मलाही नवल वाटलं.

तो माळ आहे माळढोक पक्ष्याचा. उंची मीटरभर, नराचे वजन १५ किलोपर्यंत. एवढा मोठा पक्षी, पण घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. खायला नाकतोडे, किडे, बोरं. कोल्हा-लांडगा लांबून दिसावा म्हणून त्याला मोकळे रान लागते. माळावर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली, तिथे गवत दबले, नजर अडली. म्हणून काही भागांतली झाडे काढून पुन्हा कुसळीला जागा दिली. आपण मात्र अशा माळाला पडीक म्हणतो!

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. नान्नजचे अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावंच्या गावं, पिकाची शेतंही आली. जमिनीच्या व्यवहारात अडचणी आल्या, लोक वैतागले. त्यांचंही खोटं नव्हतं. पुढे हद्द घटवून सुमारे १२२२ चौरस किलोमीटर केली.

माळढोकाला उडताना समोरच्या विजेच्या तारा नीट दिसत नाहीत, तो धडकून मरतो. देशात आता दीडशेच्या आसपासच उरलेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो क्वचितच दिसतो. काळविटांचे कळप मात्र त्या गवतात अजून चरतात.