पाण्यातून इंधन : आपल्या वाट्याला काय?

गोंदिया जिल्ह्यात धान लावणाऱ्या प्रत्येक घराला युरियाची 45 किलोची बोरी ठाऊक आहे. पण त्या बोरीचे मूळ हायड्रोजन वायूत आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. हायड्रोजनपासून अमोनिया होतो व अमोनियापासून युरिया. आज हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यात किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय देशाला लागणारा निम्म्याच्या आसपास नैसर्गिक वायू परदेशातून आणावा लागतो.

दुसरा मार्ग पाण्याचा आहे. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल, तर तो हरित हायड्रोजन. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये त्यासाठी 19,744 कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे उद्दिष्ट तेव्हा ठेवले होते. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण आखले.

आता हिशेब पाहू. एक किलो हायड्रोजनला सुमारे 50 ते 55 युनिट वीज लागते. युनिटला 6 रुपये धरले, तरी नुसत्या विजेचेच 300 रुपये! नैसर्गिक वायूपासूनचा हायड्रोजन याहून बराच स्वस्त पडतो. हा वायू हलका व चटकन पेट घेणारा, म्हणून साठवणही खर्चाची. तिरोड्याच्या 3,300 मेगावॉट केंद्रासारखी कोळशाची वीज वापरली, तर हवेतला कार्बन उलट वाढेल.

आपल्याकडे मात्र ऊन आहे, तणस आहे, राईस मिलचा कोंडा आहे. तणस-कोंड्यापासूनही हायड्रोजन काढता येतो व सरकारच्या 2023 च्या व्याख्येत तोही हरित ठरू शकतो. असे कारखाने उभे राहिले, तर वायरमन, फिटर, वेल्डर लागतीलच. आयटीआयमधील आपल्या मुलामुलींनी याकडे आतापासून लक्ष द्यावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. गरिबाची दारिद्र्यातून सुटका व्हावी, म्हणून त्यांना वीज स्वस्त व मुबलक हवी होती. नव्या इंधनालाही आम्ही हीच कसोटी लावतो. उद्या असा प्रकल्प आपल्या भागात आला, तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा : वैनगंगेचे पाणी आधी धानाला की कारखान्याला? जमीन कोणाची जाणार? आणि कायम नोकरी कोणाला, कंत्राटी मजुरी कोणाला? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.