'पर्यंत' या शब्दाची किंमत

शाखाधिकारी असताना पेन्शनच्या दिवशी 'लिंक गेली' हे दोन शब्द मला अनेकदा उच्चारावे लागले. शाखा आडगावची, छपरावर व्हीसॅटची डिश. संदेश ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाऊन परत यायचा. लिंक गेली की पासबुक हातात धरून भिंतीला टेकून बसलेले म्हातारे माझ्याकडे बघत, आणि मी छपराकडे.

गेल्या महिन्यात शेजारचा पॅथॉलॉजी लॅबवाला तरुण तीन पत्रके घेऊन आला. "काका, यातलं कुठलं इंटरनेट घेऊ?" त्याची नजर वेगाच्या आकड्यावर, माझी सवयीने खालच्या बारीक अक्षरांवर. तिथे लिहिले होते : १०० मेगाबिट'पर्यंत'. कर्जाच्या कागदावर असा शब्द दिसला की आम्ही पेन खाली ठेवीत असू.

आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. एवढ्या हिशेबाने अर्धी भूल उतरते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजपासून जितके लांब, तितका वेग कमी. केबलची लाइन गल्लीभर वाटली जाते; संध्याकाळी तिची गत नळाच्या पाण्यासारखी. घरगुती फायबरलाही वाटेकरी असतात, पण काचेच्या तंतूला अंतराची फारशी पर्वा नसते. छतावर अँटेना लावून मिळणारे फाइव्ह-जी इंटरनेट आपल्याकडे २०२३ मध्ये आले. त्याला खोदाई नको, पण टॉवरवर गर्दी झाली की वेग मंदावतो. लीज्ड लाइनचा वेग राखीव, जाण्या-येण्याचा सारखा आणि दुरुस्तीची मुदत करारात. भाडे मात्र घरगुती जोडणीच्या अनेक पट.

घरात फायबर आले असेल तर तेवढे पुरे. अडीनडीला मोबाइल आहेच. व्यवसायाचा प्रश्न वेगळा. मी विचारले, "दोन तास लिंक गेली तर काय अडेल?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "रात्री डॉक्टर रिपोर्टसाठी थांबलेले असतात."

रिपोर्ट बाहेर पाठवायचे, म्हणून अपलोडचा वेग आधी विचारायचा. फायबर मध्यम वेगाचे, आणि जोडीला फाइव्ह-जी. एकाच खांबावरून आलेली दोन फायबरे उपयोगाची नाहीत. फांदी पडली की दोन्ही तुटणार. एकाच घरातले दोन जामीन घेणे मी टाळत असे, ते याच कारणाने. राउटरला छोटा यूपीएसही हवा.

त्याने वेगाचा आकडा निम्मा केला आणि वाचलेले पैसे दुसऱ्या जोडणीत घातले. पेन्शनच्या त्या दिवसांत आमच्या शाखेला दुसरी वाट नव्हती.