चाकांवरचा तंबू : गाडी की कापड?

आम्ही कापडाचे व्यापारी, त्यामुळे तंबू दिसला की आधी त्याचे कापड पाहतो. अमेरिकेत मोटारीमागे ओढायचा लहान तंबू-ट्रेलर मिळतो. खाली चाकांची पेटी; हँडल फिरवले की छप्पर वर येते, दोन्ही टोकांना बिछाने बाहेर सरकतात आणि भिंती कॅन्व्हासच्या.

अडचण येते ती मुक्कामाच्या जागेची. तिकडे कॅम्पग्राउंडमध्ये काही जागा ‘फक्त तंबूसाठी’ असतात. गिऱ्हाईक म्हणते, भिंती कापडाच्या, म्हणजे हा तंबूच! पण नियम बहुधा चाके पाहतो. अशा जागी गाडी उभी करायची पट्टी आखूड असते. कुठे तर मोटार लांब ठेवून सामान हाताने न्यावे लागते. ट्रेलर ठेवणार कुठे?

उलट यलोस्टोन नॅशनल पार्कातील फिशिंग ब्रिज येथील गाड्यांच्या तळावर अस्वलांच्या वावरामुळे फक्त टणक भिंतींच्या गाड्या चालतात. तिथे हाच ट्रेलर कापडी म्हणून नाकारतात. एकीकडे गाडी, दुसरीकडे कापड. मालकाची दोन्हीकडे अडवणूक.

काही ठिकाणी लहान ट्रेलरला परवानगी मिळतेही. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच विचारावे : चाकांचा तंबू चालतो का? पट्टी किती लांब? उघडल्यावर तो मावेल का?

व्यापारी बंधूंनीही यातून धडा घ्यावा. मालाची तारीफ सगळेच करतात. तो कुठे चालणार नाही, हेही विकतानाच सांगावे. गिऱ्हाईक त्यानेच टिकते.