व्हिडिओ खेळांतील विक्रम

नाण्यावर चालणारे यंत्र, दूरचित्रवाणी संच किंवा संगणक यांच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनीय खेळांत जास्तीत जास्त गुण मिळविणे अथवा कमीत कमी वेळात खेळ पूर्ण करणे, या उद्दिष्टांनी झालेल्या सर्वोच्च कामगिरीची नोंद म्हणजे व्हिडिओ खेळांतील विक्रम होय. पहिल्या प्रकारास गुणविक्रम व दुसऱ्यास द्रुतक्रीडा किंवा ‘स्पीडरन’ म्हणतात. साधनसाहाय्यित द्रुतक्रीडा हा तिसरा प्रकार या दोहोंहून वेगळा आहे. तीत खेळाडू खेळाचा वेग हवा तेवढा कमी करतो, चुकलेली खेळी मागे घेतो आणि एकेक कळ कोणत्या क्षणी दाबावयाची हे ठरवीत संपूर्ण खेळ रचतो. ही हाताच्या कौशल्याची कसोटी नव्हे. दिलेला खेळ सैद्धांतिक दृष्ट्या किती लवकर संपविता येईल, याचा तो शोध असतो. या शोधामुळे मानवी विक्रमांना लक्ष्य मिळाले, तसेच खोटे दावे पारखण्याचे एक विश्वसनीय साधनही उपलब्ध झाले.

इतिहास : स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) या जपानी खेळात तोवरची सर्वोच्च गुणसंख्या पडद्यावर सतत दाखविली जात असे. १९७९ पासून काही यंत्रांत विक्रमवीराच्या नावाची आद्याक्षरे नोंदविण्याची सोय झाली. त्यामुळे यंत्राशी एकट्याने खेळला जाणारा खेळ पूर्वीच्या खेळाडूशी होणारी स्पर्धा बनला. अमेरिकेतील आयोवा राज्यात ऑटमवा या गावी वॉल्टर डे यांनी १९८१ मध्ये ‘ट्विन गॅलॅक्सीज’ हे खेळगृह उघडले आणि १९८२ पासून ठिकठिकाणच्या यंत्रांवरील गुणांची एकत्रित नोंद ठेवण्यास प्रारंभ केला.

आरंभीच्या अनेक खेळांना निर्मात्यांनी शेवट ठेवलेला नव्हता. तो यंत्राच्या मर्यादेमुळे आपोआप आला. पॅक-मॅन (१९८०) या खेळात पातळीचा क्रमांक आठ बिटांत साठविला जातो. आठ बिटांत ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. त्यामुळे २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनी भरून जातो व पुढे जाता येत नाही. या खेळातील कमाल गुणसंख्या ३३,३३,३६० असून ती गाठल्याची पहिली नोंद १९९९ साली झाली. डाँकी काँग (१९८१) या खेळात पातळीच्या क्रमांकात ४ मिळवून बेरजेस १० ने गुणले जाते व त्यावरून वेळ ठरविला जातो. २२ व्या पातळीवर हा गुणाकार २६० होतो, आठ बिटांत त्यातील केवळ ४ उरतात आणि नायक काही सेकंदांतच मरतो.

द्रुतक्रीडेचा संघटित प्रसार डूम (१९९३) व क्वेक (१९९६) या संगणकीय खेळांमुळे झाला. डूममध्ये खेळाचे चित्रण न साठविता खेळाडूने दाबलेल्या कळांचीच नोंद एका लहान धारिकेत होई. एका सेकंदाचे ३५ भाग करून ही नोंद ठेवली जात असल्याने ती अचूक असे आणि दुसऱ्याच्या संगणकावर तीवरून तोच खेळ जसाच्या तसा पुन्हा पाहता येई. १९९९ च्या सुमारास काही जणांनी मंद वेगाने व तुकड्यातुकड्याने रचलेल्या अशा नोंदी ‘साधनसाहाय्यित’ असे स्पष्ट सांगून प्रसृत केल्या.

असे स्पष्टीकरण नसल्यास काय होते, हे २००३ मध्ये दिसून आले. सुपर मारिओ ब्रदर्स ३ हा खेळ सु. ११ मिनिटांत पूर्ण करणारी एका जपानी खेळाडूची चित्रफीत त्या वर्षी जगभर पसरली. अनेकांनी तो प्रत्यक्ष हाताने खेळलेला खेळ समजून त्याचे कौतुक केले. तो साधनांच्या साहाय्याने रचलेला आहे असे कळल्यावर त्याच लोकांनी त्याला फसवणूक म्हटले. डिसेंबर २००३ मध्ये फिनलंडचे योएल युलिलुओमा यांनी अशा रचनांचा स्वतंत्र संग्रह सुरू केला. त्यात प्रत्येक रचनेची पद्धत उघड केलेली असते व मानवी विक्रमांशी तिची सरमिसळ केली जात नाही.

तंत्र : मूळ यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस अनुकारक किंवा ‘एम्युलेटर’ म्हणतात. अनुकारकात तीन सोयी महत्त्वाच्या असतात. पहिलीमुळे खेळ एकेका चित्रचौकटीने पुढे नेता येतो. जपानी व अमेरिकी घरगुती यंत्रांत सेकंदाला सु. ६० चौकटी असतात. दुसरीमुळे कोणत्याही क्षणीची यंत्राची संपूर्ण स्थिती साठविता येते व तेथे परतून वेगळी खेळी करून पाहता येते. तिसरीमुळे यंत्राच्या स्मृतीतील पात्राचे स्थान, वेग इ. संख्या प्रत्यक्ष वाचता येतात. अंतिम फलित म्हणजे चौकटीगणिक दाबावयाच्या कळांची यादी होय. एकाच आरंभस्थितीपासून त्याच कळा त्याच क्षणी दाबल्या असता यंत्र नेहमी तेच फळ देते, या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. खेळातील ‘नशीब’ही यास अपवाद नाही. यदृच्छ वाटणाऱ्या संख्या यंत्र ठराविक सूत्राने काढते, म्हणून एखादी कळ एक चौकट उशिरा दाबून शत्रूची चाल बदलता येते.

हे काम संगणक आपोआप करतो, हा समज चुकीचा आहे. निन्टेन्डोच्या १९८० च्या दशकातील यंत्राच्या नियंत्रकावर ८ कळा होत्या; म्हणजे प्रत्येक चौकटीत कळांच्या २५६ जोडण्या संभवतात. एका सेकंदाच्या खेळात संभाव्य क्रमांची संख्या २५६ चा ६० वा घात होते. ती लिहिण्यास १४५ अंक लागतात. एवढे पर्याय तपासणे कोणत्याही संगणकास अशक्य आहे. टेट्रिसचे एक सामान्यीकृत रूप गणनदृष्ट्या अत्यंत अवघड अशा प्रश्नांच्या वर्गात मोडते, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. मारिओसह अनेक अभिजात खेळांबाबत तसाच निष्कर्ष २०१२ मध्ये मांडला गेला. त्यामुळे कोठे शोधावयाचे हे माणसालाच ठरवावे लागते. खेळाची आज्ञावली उलगडणे, तीतील दोष हेरणे व त्यांचा उपयोग करून घेणे, हा या कामाचा गाभा आहे.

मानवी विक्रमांशी संबंध : सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) या खेळात बहुतेक पातळ्या संपल्यावर पुढील पातळी सुरू करावयाची की नाही, हे यंत्र दर २१ चौकटींनी, म्हणजे सु. ०.३५ सेकंदाने तपासते. आगगाडी चुकल्यावर पुढच्या गाडीपर्यंत थांबावे लागावे तसे हे आहे. दोन-चार चौकटी वाचवून काही लाभ होत नाही. हा नियम उमगल्यामुळे वेळ नेमका कोठे वाचतो, हे खेळाडूंना कळले. या खेळाचा मानवी विक्रम २०२१ मध्ये प्रथमच ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या खाली आला. २०२३ पर्यंत तो साधनसाहाय्यित मर्यादेपासून अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतरावर पोहोचला होता.

टेट्रिसच्या १९८९ च्या निन्टेन्डो आवृत्तीत २९ व्या पातळीपासून ठोकळा दर चौकटीस एक ओळ खाली येतो व सु. एक-तृतीयांश सेकंदात तळाशी पोहोचतो. ही पातळी दीर्घकाळ खेळाचा शेवट मानली जात असे. २०११ मध्ये एका खेळाडूने ३० वी पातळी गाठली आणि पुढे कळ जलद दाबण्याच्या नव्या पद्धती निघाल्या. त्यानंतर संगणकीय आज्ञावलीकडून खेळ पुढे चालवून पाहिला असता, १५५ व्या पातळीपासून विशिष्ट परिस्थितीत यंत्र बंद पडू शकते असे आढळले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीवर खेळ हाताने खेळून थांबविला. यंत्राने दाखविलेली सीमा माणसाने गाठल्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

अनुकारकावरील रचना मूळ यंत्रावर पडताळण्यासाठी नियंत्रकाच्या जागी एक उपकरण जोडून त्याद्वारे कळांची यादी यंत्रास पुरविली जाते. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील एका धर्मादाय कार्यक्रमात सुपर मारिओ वर्ल्ड हा खेळ अशा रीतीने चालविला गेला. त्यात आज्ञावलीतील दोषाचा फायदा घेऊन केवळ कळा दाबण्याने यंत्राच्या स्मृतीत नवी आज्ञावली लिहिली गेली व पडद्यावर पाँग आणि सर्प हे वेगळेच खेळ सुरू झाले. २०१५ मध्ये याच तत्त्वाचा सोपा प्रकार एका खेळाडूने हाताने करून त्या खेळाच्या थेट अखेरच्या नामावलीपर्यंत मजल मारली.

दाव्यांची पारख : जुन्या विक्रमांना पुरावा म्हणून पडद्याचे छायाचित्र किंवा पंचाची साक्ष एवढेच असे. ड्रॅगस्टर (१९८०) या मोटारशर्यतीच्या खेळात १९८२ मधील ५.५१ सेकंदांचा एक विक्रम ३५ वर्षे अबाधित राहिला होता. २०१७ मध्ये खेळाची आज्ञावली उलगडून शक्य त्या खेळ्यांची तपासणी केली असता ५.५७ सेकंदांहून कमी वेळ लागूच शकत नाही असे दिसले. जानेवारी २०१८ मध्ये तो विक्रम रद्द झाला. डायाब्लो (१९९६) या खेळातील तळघरांची रचना प्रत्येक वेळी नवी, परंतु एका बीजसंख्येवरून ठरते. २००९ मधील ३ मिनिटे १२ सेकंदांच्या विक्रमाहून जलद साधनसाहाय्यित रचना करू पाहणाऱ्या अभ्यासकांनी दोन अब्जांहून अधिक बीजसंख्या तपासल्या. त्या चित्रफितीत दिसणारी तळघरे कोणत्याही एका बीजसंख्येतून निर्माण होऊ शकत नाहीत, असे त्यांना आढळले. २०२५ मध्ये गिनेस संस्थेने ती नोंद काढून टाकली. दोन्ही प्रकरणांत शंका व्यक्तीच्या चारित्र्यावरून नव्हे, तर कोणासही पुन्हा करून पाहता येईल अशा गणिती तपासणीतून सिद्ध झाली.

नोंदीच्या अटी : विक्रमाची तुलना करण्यापूर्वी यंत्र, आवृत्ती व चौकटींचा वेग सारखा असावा लागतो. भारतात हे प्रश्न विशेष जाणवण्याजोगे आहेत. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील व अन्य भागांतील घरांत हे खेळ मुख्यतः मूळ यंत्राच्या स्वस्त नकलांवर खेळले गेले. भारतीय दूरचित्रवाणीची पाल पद्धती सेकंदाला ५० चित्रक्षेत्रांची असल्याने तिच्याशी जुळविलेल्या यंत्रांत खेळाची गतीही बदलते. अशा यंत्रावरील वेळ ६० चौकटींच्या यंत्रावरील वेळेशी तोलता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र वर्ग लागतो. तसेच आज्ञावलीतील दोष वापरण्यास मुभा आहे की नाही, खेळ सलग खेळला की तुकड्यांनी, हेही आधी जाहीर करावे लागते.

फसवणूक व संशोधन यांतील सीमारेषा याच ठिकाणी आहे. मंद वेग, साठविलेल्या स्थिती व अनुकारक ही साधने दोन्हीकडे तीच असतात. त्यांचा वापर लपवून फलित हाताच्या कौशल्याचे म्हणून पुढे केले, तर नियमाने खेळणाऱ्या प्रत्येक स्पर्धकावर अन्याय होतो. कारण जी वेळ गाठणे शक्यच नाही तिच्यामागे तो वर्षे खर्च करतो. वापर उघड केला, तर तेच फलित सर्वांच्या ज्ञानात भर घालते.

या तंत्राचा उपयोग खेळांपुरता मर्यादित राहिलेला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका पद्धतीत, पूर्वी पोहोचलेल्या आशादायक स्थितीकडे परतून तेथून पुढे शोध घेण्याचे तत्त्व वापरले असून तिने जुन्या अटारी खेळांतील अतिशय कठीण खेळांत उच्च गुण मिळविले. जुन्या यंत्रांची अंतर्गत रचना समजून घेण्यास व ती हुबेहूब जतन करण्यासही साधनसाहाय्यित रचनांचे साहाय्य होते. कारण एका चौकटीचाही फरक पडल्यास रचना फसते व अनुकारकातील चूक लक्षात येते.