टेबल, नल आणि इंडेक्स : चार गैरसमज

रिलेशनल डेटाबेसची कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. काय हवं ते सांगायचं, ते कसं शोधायचं हे यंत्रणेने ठरवायचं, हा तिचा गाभा. नवशिक्यांचे बरेच गैरसमज न सांगितलेल्या गोष्टी गृहीत धरल्याने होतात.

गैरसमज १ : टेबल म्हणजे एक्सेलची शीट.
वस्तुस्थिती : शीटच्या चौकटीत काहीही टाइप करता येतं. टेबलमध्ये कॉलमचा डेटा टाइप आधी ठरतो. प्रायमरी की एकच रोल नंबर दोनदा येऊ देत नाही. फॉरेन की असेल, तर यादीत नसलेल्या विद्यार्थ्याच्या नावे फीची पावती चढत नाही. पण हे नियम आपणच घालायचे असतात.

गैरसमज २ : नोंदी भरल्या त्याच क्रमाने मिळतात.
वस्तुस्थिती : टेबलमधल्या ओळींना ठरलेला क्रम नसतो. ‘ऑर्डर बाय’ लिहिलं नाही, तर क्रमाची हमी नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एखादी ओळ नुसती अपडेट केली, तरी ती अनेकदा यादीच्या शेवटी जाऊन बसते.

गैरसमज ३ : नल म्हणजे शून्य किंवा रिकामी जागा.
वस्तुस्थिती : नल म्हणजे किंमत नोंदलेली नाही. समजा, १०० विद्यार्थ्यांपैकी ४० पुण्याचे, ५० इतर गावांचे आणि १० जणांचं गाव नल आहे. ‘गाव पुणे आहे’ ही अट ४० ओळी देते, ‘गाव पुणे नाही’ ही अट ५०. उरलेले दहा दोन्हीकडून निसटतात, कारण नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरंही नसतं, खोटंही नसतं. त्यांच्यासाठी ‘इज नल’ असंच विचारावं लागतं. ओरॅकल मात्र रिकामी स्ट्रिंगही नलच मानतो.

गैरसमज ४ : इंडेक्स जितके जास्त, तितका वेग जास्त.
वस्तुस्थिती : इंडेक्समुळे शोध जलद होतो, पण नवी ओळ भरताना टेबलबरोबर त्याचे इंडेक्सही अद्ययावत करावे लागतात. म्हणून ज्या कॉलमवर वारंवार शोध किंवा जॉइन (दोन टेबलांची जोडणी) होतो, तिथेच इंडेक्स घालावा. निम्मं टेबल वाचायचं असेल, तर क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा ऑप्टिमायझर बहुधा इंडेक्स बाजूला ठेवून सरळ टेबलच वाचतो.

हे पडताळायला मोफत मिळणारं पोस्टग्रेएसक्यूएल पुरे. दहा ओळींचं टेबल करा, दोन ओळींत गाव नल ठेवा आणि प्रत्येक क्वेरी चालवण्याआधी किती ओळी येतील ते कागदावर लिहा. आकडा चुकला, की आपण काय गृहीत धरलं होतं ते कळेल.