नवजात शिशूंमधील प्रतिजैविक-प्रतिरोधी जंतुसंसर्ग
नवजात शिशूंमधील प्रतिजैविक-प्रतिरोधी जंतुसंसर्ग म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत होणारा व नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा जीवाणूंचा संसर्ग होय. जीवाणू रक्तात पसरून सेप्सिस झाल्यास तो जीवघेणा ठरू शकतो. रुग्णालयात दाखल असलेल्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बालकांना याचा धोका सर्वाधिक असतो.

कारणे
अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ असते आणि आईकडून मिळणारी प्रतिपिंडे बहुतांशी गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाळाकडे येत असल्याने त्याची प्रतिकारशक्तीही दुबळी असते. नवजात अतिदक्षता विभागात शिरेतील नळ्या, कृत्रिम श्वसनयंत्र, अन्ननलिका यांवाटे जीवाणूंना शरीरात शिरकाव मिळतो. कर्मचाऱ्यांचे अस्वच्छ हात, एकाच पाळण्यात दोन बाळे ठेवावी लागणे, ओलसर बेसिन व नीट निर्जंतुक न केलेली उपकरणे यांमुळे संसर्ग एका बाळाकडून दुसऱ्याकडे पोहोचतो.

प्रमुख जीवाणू
क्लेब्सिएला न्यूमोनी, ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी, ई. कोलाय आणि मेथिसिलीनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे यांतील प्रमुख जीवाणू आहेत. काही जीवाणू बीटा-लॅक्टमेझ ही विकरे तयार करून औषधाचा रेणू तोडतात. एनडीएम-१ हे विकर कार्बापेनेम गटातील राखीव औषधेही निष्प्रभ करते. अशा विकरांची जनुके प्लास्मिडवर असल्यास ती एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतात.

भारतातील स्थिती
दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दाखल झालेल्या १३,५३० नवजात शिशूंपैकी १४.३ टक्के बालकांत सेप्सिस आढळला. ॲसिनेटोबॅक्टरचे ८२ टक्के, क्लेब्सिएलाचे ५४ टक्के, तर ई. कोलायचे ३८ टक्के नमुने बहुऔषध-प्रतिरोधी होते. सेप्सिसच्या सुमारे दोन-तृतीयांश घटना जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच घडल्या. त्यांतील जीवाणू नंतरच्या संसर्गांतील जीवाणूंसारखेच असल्याने प्रसूतिकक्षातील स्वच्छतेचा प्रश्न पुढे आला.

निदान व उपचार
दूध न ओढणे, सुस्ती, शरीर थंड पडणे किंवा ताप, श्वास थांबणे ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात. ब्लड कल्चरचा अहवाल येण्यास साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. तोवर थांबल्यास बाळ दगावू शकते, म्हणून संशय येताच औषध सुरू करावे लागते. परंतु संसर्ग नसलेल्या बाळांनाही अशी औषधे मिळत राहिल्यास प्रतिरोध वाढतो. हा या उपचारांतील मूलभूत पेच आहे. त्यामुळे कल्चर निर्जंतुक आल्यास व बाळाची प्रकृती ठीक असल्यास प्रतिजैविके वेळीच थांबवणे महत्त्वाचे मानले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रथम ॲम्पिसिलीन किंवा पेनिसिलीन व जेंटामायसिन देतात. प्रतिरोध असल्यास मेरोपेनेम वा कोलिस्टिन वापरले जाते. कोलिस्टिनमुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. नवी औषधे आधी प्रौढांवर तपासली जातात, त्यामुळे नवजातांसाठीच्या योग्य मात्रेची माहिती उशिरा मिळते. फॉस्फोमायसिन व फ्लोमॉक्सेफ या जुन्या औषधांचा नवजातांसाठी नव्याने अभ्यास सुरू आहे.

प्रतिबंध
प्रत्येक बाळाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. केवळ स्तनपान, आईच्या छातीशी त्वचेचा स्पर्श देणारी कांगारू पद्धत, गरज संपताच नळ्या काढणे आणि पुरेशा परिचारिका यांमुळेही संसर्ग घटतो. भारतात औषधांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्यासाठी २०१३ मध्ये 'अनुसूची एच-१' अधिसूचित झाली व २०१७ मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला.